चाकाखालची माती

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवीत असत, तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. लोहार ती पट्टी चाकाच्या घेराहून किंचित लहान घडवी, भट्टीत तापून ती फुगली की चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. निवताना लोखंड आवळत जाई आणि आरे, तुंबा, पाट्या असे सारे चाक एकजीव होई. तरुण वाचकांनी हा शब्द ऐकला असेलच असे नाही. परंतु ज्याला आपण टायर म्हणतो त्याचे मराठी नाव शोधू गेल्यास ते हेच निघेल. फरक एवढाच की, लोखंडी धावेला मातीशी काही देणेघेणे नव्हते. माती मऊ असो वा कठीण, धाव ती कापीत पुढे जाई आणि मागे चाकोरी सोडी. १८८८ साली बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तयार केलेल्या हवेच्या रबरी धावेचे पेटंट घेतले आणि चाकाचा व मातीचा हा जुना संबंध पालटला. हवेचा टायर माती कापीत नाही. तो तिच्यावर टेकतो, दबतो, तिचा आकार थोडाबहुत स्वतः घेतो. त्यामुळे कोणत्या मातीवर कोणता टायर आणि त्यात किती हवा, हा विचार करणे भाग पडले. गाडीवानाला तो कधी करावा लागला नव्हता.

हा विचार या सदरात कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की, जाड टायरची, गिअरची सायकल आता बहुतेक घरांच्या जिन्याखाली उभी असते. कोणी तिला ‘एमटीबी’ म्हणतात, पुष्कळ घरांत तिला अजूनही ‘रेंजर’ हेच नाव आहे. दुकानदार ती देताना ‘डोंगरावरसुद्धा जाते’ असे सांगतो. मुले ते वाक्य अक्षरशः खरे मानतात आणि आईबाप त्या जाड, खडबडीत टायरांकडे पाहून निर्धास्त होतात. टायरवर एवढे उंच रबरी खुंट आहेत, तेव्हा सायकल घसरणार कशी, असा एकूण समज असतो. त्या समजाचा फटका कोणाला बसतो हे आमच्या अनगोळला नुकतेच पाहावयास मिळाले.

अनगोळ हे एके काळचे बेळगावच्या दक्षिणेकडील स्वतंत्र गाव. आज ते शहरात मिसळून गेले आहे. एका अंगाला उद्यमबागेचे कारखाने आहेत, दुसऱ्या अंगाला वडगाव-येळ्ळूरच्या दिशेने पसरलेले भाताचे शिवार. बेळगावी बासमतीची कीर्ती वाचकांच्या कानी असेलच. ती या शिवारांची. बेळगावची आणखी एक गोष्ट बाहेरगावच्या वाचकांना सांगितली पाहिजे. हे शहर दोन मातींच्या शिवेवर वसले आहे. पश्चिमेस खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला सह्याद्रीची उतरंड, जांभा दगड आणि तांबडी माती. पूर्वेस बैलहोंगलकडे आणि उत्तरेस तंबाखूच्या निपाणीकडे गेले की काळी, कसदार, चिकट जमीन. शहरात वर्षाकाठी सुमारे ५० इंच पाऊस पडतो. कणकुंबीकडे त्याच्या कितीतरी पट, आणि सौंदत्तीकडे जवळजवळ निम्मा. सकाळी घरातून निघालेला सायकलस्वार दुपारपर्यंत डांबर, जांभ्याची खडी, भातशेतीची राड आणि काळी चिकण एवढ्या चार भूमींवरून जाऊन येऊ शकतो. एकच टायर या चारही ठिकाणी सारखा चालावा, ही अपेक्षा फार झाली.

आता तो प्रसंग. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील एका चौदा वर्षांच्या मुलाचे मनगट मोडले. त्याचे आजोळ येळ्ळूरला. रविवारी शिवारातल्या वाटेने तो तिकडे निघाला होता आणि एका वळणावर सायकल पुढच्या चाकापासून निसटली. मुलाला पट्टी बांधून घरी आणले. वडिलांनी त्याच संध्याकाळी निकाल दिला की सायकल विकून टाकायची. दुसऱ्या दिवशी त्याची आई आमच्याकडे आली.

“काका, पोरगं बेफाम आहे की सायकलच खोटी आहे, ते एकदा बघून सांगा,” ती म्हणाली. “ह्यांनी तर विकायलाच काढलीय. पण आजोळला जायचं म्हटलं की त्याला दुसरं काही सुचत नाही हो.”

सायकल पाहिली. मागचा टायर कोरा करकरीत, खुंट बोटाच्या पेराएवढे उंच. पुढचा टायर मात्र मधोमध गुळगुळीत झालेला, कडेचे खुंट झिजून गोल झालेले, बाजूंना बारीक चिरा. आणि दोन्ही चाकांत हवा अशी ठासून भरलेली की अंगठा रुतेना. मी मुलाला विचारले, तेव्हा तो सरळपणे म्हणाला, “आजोबा, मागचा टायर लवकर झिजतो. म्हणून बाबांनी मागचा जुना पुढं घातला आणि मागं नवा बसवला. दोनाचे पैसे कशाला, म्हणाले.” हवा स्कूटरच्या पंक्चरवाल्याकडे यंत्राने भरून घेतली होती.

तेवढ्यावरून अपघाताचे कारण उघड झाले. परंतु ते का, हे समजल्यावाचून पुढच्या खरेदीला उपयोग नाही. म्हणून थोडे खोलात जाऊ.

सायकल आणि तिच्यावरचा मुलगा मिळून १३० पौंड वजन धरा. बसण्याच्या ठेवणीमुळे त्यातले साधारण ८० पौंड मागच्या चाकावर येते आणि ५० पुढच्या. आता चाकात दर चौरस इंचाला जितके पौंड दाब, त्या प्रमाणात टायर जमिनीला कमीअधिक टेकतो. पुढच्या चाकात ५० पौंडांची हवा असेल, तर ५० पौंडांचा भार पेलायला सुमारे १ चौरस इंच रबर पुरते. म्हणजे एक साधे टपाल तिकीट! तीच हवा २५ पौंडांवर आणली की टेकणारी जागा २ चौरस इंच होते. हिशेब ढोबळ आहे, टायरच्या कडेचा ताठरपणा त्यात धरलेला नाही, पण कल्पना येण्यास पुरेसा आहे. मुलाचे सारे इमान त्या तिकिटाएवढ्या रबरावर असते. ते रबर गुळगुळीत, वर दगडासारखे ताठ, खाली ओली माती आणि चाक वळणावर कललेले. दुसरे काय होणार?

पुढचे चाक घसरणे आणि मागचे घसरणे यांत फार अंतर आहे. मागचे चाक सरकले तर सायकल थोडी तिरकी होते, स्वार पाय टेकतो किंवा हँडल वळवून तोल सावरतो. मुले तर मुद्दाम मागचा ब्रेक दाबून धूळ उडवीत चाक सरकवतात. पुढचे चाक सरकले की सावरायचे साधनच हातून गेले, कारण तोल आपण पुढच्या चाकानेच राखतो. क्षणार्धात माणूस बाजूला पडतो आणि हात पुढे करतो. मनगट मोडते ते तेव्हा. म्हणून नियम असा की, नवा टायर पुढे, आणि पुढचा थोडा वापरलेला टायर मागे. मागचा टायर लवकर झिजतो हे खरे. भार आणि पायडलची ओढ त्याच्यावरच असते. तो झिजला की पुढचा काढून मागे घालावा आणि नव्याचे पैसे पुढच्या चाकासाठी खर्चावेत. पैसा तितकाच लागतो. जुना टायर पुढे घालण्याची पद्धत घरोघर आहे. तिच्यात दोन-चारशे रुपये वाचल्याचा भास असतो, प्रत्यक्षात वाचत काहीच नाही.

वडिलांना हे सांगणे जिवावर आले होते, पण सांगावे लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग एक प्रश्न विचारला, तो मात्र बिनतोड होता. “काका, आमचे वडील चाळीस वर्षं ह्याच वाटेनं दुधाच्या किटल्या लावून शहरात येत होते. टायर पार गुळगुळीत. ते कसे पडले नाहीत?”

याचे उत्तर जुन्या सायकलीच्या बांधणीत आहे. त्या सायकलीचे चाक मोठे, टायर अरुंद, म्हणजे २८ इंची, दीड इंच रुंदीचा. अरुंद चाक पातळ राडीतून खाली जाऊन तळच्या घट्ट मातीला टेकते. तेथे ते थोडेसे गाडीच्या धावेसारखेच वागते. बैठक सरळ, किटल्या मागे, त्यामुळे जवळजवळ सारे ओझे मागच्या चाकावर. पुढचा काटा लांब पसरलेला, म्हणून हँडल संथ. वेग बैलगाडीच्या दुप्पट, फार तर तिप्पट. आणि मुख्य म्हणजे, जेथे वाट वाईट तेथे ती माणसे खाली उतरून सायकल हाती धरून चालत. उतरण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. आजचा मुलगा पुढे वाकून बसतो, अर्धा भार हँडलवर देतो आणि तिप्पट वेगाने वळण घेतो. आजोबांची वाट तीच राहिली, चाक मात्र निराळे आले.

गंमत अशी की, ही डोंगरी सायकल जन्मली तीही जुन्या जड सायकलींतूनच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. तेथील काही तरुण १९३०-४० च्या काळातील फुगीर टायरच्या भंगारातल्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. उतारावर मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही नावे तेथूनच पुढे आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. पण तो डोंगर कोरडा, धुळीचा, आणि त्या टायरांचा जन्म त्या धुळीसाठी. आमच्या आषाढाची त्यांना कल्पना कोठून असणार?

आता एकेका मातीकडे पाहू. डांबरी रस्त्याचे प्रथम सांगून टाकतो, कारण त्यात बोलण्यासारखे फार नाही. डांबरावर, अगदी भर पावसातसुद्धा, गुळगुळीत टायर खुंटांच्या टायरपेक्षा चांगला धरतो. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. मोटारीचा रुंद टायर वेगात पाण्याच्या थरावर तरंगू लागतो, म्हणून त्याला पाणी काढून देणाऱ्या चरी लागतात. सायकलीचा टायर इतका अरुंद आणि तिचा वेग इतका कमी की, पाणी आपोआप बाजूला सरते. उलट उंच खुंट डांबरावर वाकतात, लुडबुडतात, झिजतात, घूं-घूं आवाज करतात आणि मुलाची निम्मी ताकद खातात. ज्या मुलाची सायकल घर, शाळा, शिकवणी आणि घर एवढेच फिरते, त्याला खडबडीत टायर देणे म्हणजे शहरात खिळ्यांचे बूट घालून हिंडण्यासारखे आहे. त्याच्यासाठी मध्ये सलग पट्टी आणि कडेला लहान खुंट असा टायर मिळतो, तो घ्यावा.

जांभ्याची वाट ही निराळी विद्या आहे. जांबोटीच्या बाजूला उन्हाळ्यात गेलात तर खाली फरशीसारखी टणक भूमी लागते आणि तिच्यावर वाटाण्याएवढ्या गोल, तांबड्या गोट्या पसरलेल्या असतात. जांभा झिजून त्या सुटतात. सायकल दुरुस्त करणारे बेअरिंगच्या गोळ्यांना छर्रे म्हणतात. तेच छर्रे जमिनीवर ओतले आहेत असे समजा. येथे मऊ मातीत रुतण्यासाठी केलेले उंच खुंट काही कामाचे नाहीत, कारण रुतायला मातीच नाही. उंच खुंट त्या गोट्यांवर उभे राहून घरंगळतात. मध्यम उंचीचे, जवळजवळ बसवलेले, कडेला मात्र बळकट असे खुंट, दोन इंचांहून थोडा रुंद टायर आणि कमी हवा, हा येथला उपाय. कमी हवेने रबर गोट्यांना कवेत घेते आणि खालच्या टणक भूमीपर्यंत पोचते. ब्रेक वळणापूर्वी दाबावा, वळणात नाही. हैदराबादच्या वाचकांनी त्यांच्याकडील ग्रॅनाइटच्या भुग्यावर हाच अनुभव घेतला असेल.

तोच जांभा पावसाळ्यात दुसरे रूप घेतो. दगडावर हिरवे शेवाळ चढते, झाडांची मुळे सालीपर्यंत भिजून साबणासारखी होतात. अशा जागी टायरच्या नक्षीपेक्षा रबराची जात महत्त्वाची. मऊ रबर ओल्या दगडाच्या बारीक खाचांत शिरते, कडक रबर वरून सरकते. मऊ रबर लवकर झिजते, म्हणून काही चांगल्या टायरांत मध्यभागी कडक आणि कडेला मऊ रबर असते. स्वस्त टायर बहुधा टिकाऊपणाच्या लोभाने कडक रबराचे करतात. ते डांबरावर वर्षानुवर्षे जातात आणि ओल्या दगडावर पहिल्याच दिवशी दगा देतात. मुळावरून चाक न्यायचेच झाले तर ते काटकोनात न्यावे. तिरके नेल्यास कोणताही टायर उपयोगाचा नाही.

काळ्या मातीविषयी इंदूर-देवासच्या वाचकांना मी काय सांगावे? माळव्याची आणि आमच्या बैलहोंगलची काळी एकाच घराण्यातली. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगा देते. भिजली की ती टायरला चिकटते, त्या थराला दुसरा थर चिकटतो, आणि शंभर पावले जाईतो चाक काट्यात आणि ब्रेकमध्ये अडकून बसते. खास चिखलाचे टायर मिळतात. ते उलट अरुंद असतात, खुंट उंच आणि दूर दूर, म्हणजे मधला चिखल चाक फिरताना झटकून पडावा. दाट खुंटांच्या टायरमध्ये चिखल भरला की तो टायर गुळगुळीतच झाला म्हणावयाचे. परंतु खरे सांगायचे तर ओल्या काळ्या मातीला टायरचा उपाय नाही. तेथे सायकल खांद्यावर घ्यावी, किंवा त्या दिवशी जाऊच नये. उन्हाळ्यात हीच जमीन सिमेंटसारखी होते. तेव्हा तिच्यावर वाटेल त्या टायरने जा, फक्त भेगांवर डोळा ठेवा. अरुंद चाक भेगेत सापडले की हँडल हातातून सुटते.

राहिले हवेचे प्रमाण. टायरच्या कडेवर जो मोठ्यात मोठा आकडा छापलेला असतो ती मर्यादा आहे, सल्ला नव्हे. आणि यंत्राने हवा भरणारे लोक हटकून तेथवर जातात. दोन इंची टायर आणि आत ट्यूब असेल, तर ४५ ते ५० किलो वजनाच्या मुलाला शिवारातल्या व खडीच्या वाटेवर २५ ते ३० पौंड आणि डांबरावर ४० पौंड पुरेत. ७० किलोच्या माणसाने प्रत्येकी पाच-सात पौंड वाढवावेत. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन पौंड कमीच असावे. कडेवर किमान दाबही छापला असेल तर त्याच्या खाली जाऊ नये. हवा फारच कमी झाली तर दगडावर आदळून रिम ट्यूबला चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन शेजारी छिद्रे पडतात. ताठ टायर जोरात पळतो हा समज गुळगुळीत रस्त्यापुरताच खरा. खडबडीत वाटेवर ताठ टायर प्रत्येक दगडावर उडतो, ते हादरे अंग पचविते आणि त्यातच शक्ती जाते. आपल्या जुन्या सायकलींना वॉलट्यूबचा व्हॉल्व्ह असे. त्यातली हवा साध्या मापकाने मोजता येत नसे, अंगठ्यावरच भिस्त. नव्या डोंगरी सायकलींना बहुधा स्कूटरसारखा व्हॉल्व्ह असतो. मापकाचा एक पंप घरात ठेवावा. आठवड्यातून एकदा मुलाकडूनच हवा मोजून घ्यावी. म्हणजे तो स्वतःच या विषयात मुरतो.

टायर विकत आणताना एक मोठी फसगत होते, ती आकड्यांची. ‘२६ × १.९५’ आणि ‘२६ × १⅜’ हे दोन्ही सव्वीस इंचीच दिसतात, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. पहिल्याच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५९०. कारण पूर्वी हा इंचांचा आकडा रिमचा नसून फुगलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा असे. त्यातून आणखी एक मौज निर्माण झाली आहे. दूधवाल्याच्या जुन्या ‘अठ्ठावीस’ची रिम ६३५ मिलिमीटरची आणि आजच्या ‘एकोणतीस’ची ६२२. अठ्ठावीस हे एकोणतीसहून तेरा मिलिमीटरने मोठे! तेव्हा इंचांकडे न पाहता टायरच्या कडेवर ‘५०-५५९’ असा जो बारीक आकडा असतो, तो जुन्या टायरवरून कागदावर उतरवून दुकानात न्यावा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. कडेवर बाण असल्यास चाक त्या दिशेने फिरेल असे बसवून घ्यावे. रुंद टायर घेण्यापूर्वी काट्यात आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंना करंगळी जाते का, ते पाहावे. चिखलाला तेवढी वाट लागते.

काट्यांचे काय, असे विचारणारे विचारतीलच. आमच्याकडे बाभूळ आणि सराटा हे दोन वैरी. सराट्याचे शेंगूळ कसेही पडले तरी एक काटा वर असतोच. हीच वनस्पती अमेरिकेत जाऊन पसरली आहे आणि तिकडचे सायकलस्वार तिला बकऱ्याचे डोके म्हणून शिव्या देतात, हे वाचून मला उगाचच बरे वाटले. अलीकडे ट्यूब नसलेले टायर निघाले आहेत. त्यांच्या आत रबराच्या चिकासारखा पांढरा द्रव असतो, काटा गेला की तो छिद्रात शिरून गोठतो. त्यात हवा आणखी कमी ठेवता येते, कारण चिमटायला ट्यूबच नाही. पण त्याला तशीच रिम लागते, खर्च बराच, आणि द्रव उन्हाळ्यात वाळतो, म्हणून दर काही महिन्यांनी तो घालावा लागतो. शाळकरी मुलाला त्याची गरज नाही. ठिगळ, सोल्युशन, एक जादा ट्यूब आणि ते लावण्याचे शिक्षण एवढे पुरे.

त्या मुलाची सायकल विकली गेली नाही. दसऱ्याला पुढच्या चाकाला नवा टायर आला, तोही मध्यम खुंटांचा. आधी मागे बसवलेला उंच खुंटांचा टायर आहे तेथेच ठेवला, कारण तो फेकून द्यावा इतके कोणी श्रीमंत नाही. त्याच्या वडिलांनी हवा मोजायचा पंप स्वतः आणला. मनगट जुळून आले आहे.

पण आषाढ-श्रावणात शिवारातून सायकल न्यावी की नाही, हा प्रश्न टायरने सुटणारा नाही, आणि त्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. नेऊ नये. रोपांची लावणी झाली की वाफ्यात पाणी तुंबवून ठेवावे लागते आणि ते पाणी अडते ते बांधाच्या जिवावर. ओल्या बांधावरून उंच खुंटांचा टायर गेला की बोटभर खोल चाकोरी पडते. दुसऱ्या दिवशी आणखी एक जण त्याच चाकोरीतून जातो. आणि एका रात्रीच्या पावसात पाणी तीच वाट धरून बांध फोडते. शेतकरी सकाळी येऊन पाहतो तो वाफा रिकामा आणि शेजाऱ्याचा भरलेला. त्यावरून भांडणेही होतात. सायकलवाल्या पोरांना ओरडणाऱ्या म्हाताऱ्यांना आपण खडूस म्हणतो, पण वर्षाचे भात त्यांचे असते. पायवाटेचेही तेच, ओलीवर पडलेली चाकोरी वाळली की दगड होते आणि मग डिसेंबरात तीच चाकोरी पुढचे चाक ओढून घेते. साधारण कार्तिकानंतर भात कापून नेतात, शिवार वाळते, बांधावरचे गवत पिवळे पडते. तेव्हा खुशाल जावे. तोवर येळ्ळूरला जायला डांबरी रस्ता आहे.